लाल रेघ फक्त एकाच वचनाखाली

"ताई, माझंच कार्ड मी मागितलं तर पाप लागेल का?"

नाशिकच्या शरणपूर रोडवरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत टेकल्या टेकल्या तिने हे विचारलं. ती नर्स, नवरा अंबडला कारखान्यात. लग्नाला नऊ वर्षं, आणि तिचं एटीएम कार्ड पहिल्या पगारापासून त्याच्या पाकिटात. आता त्याने तिला न विचारता भावाच्या धंद्यासाठी कर्ज काढलं होतं. हप्ता हिच्या पगारातून. काही बोललं की एकच उत्तर: "बायबल काय सांगतं? पतीच्या अधीन राहा." (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

मारहाण होते का, हे मी सगळ्यात आधी विचारलं. होत असेल तर वचनं नंतर, आधी तिची सुरक्षितता आणि 181 ही महिला हेल्पलाइन. इथे तसं नव्हतं. पण बायकोची कमाई अशी ताब्यात ठेवणं 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळात येऊ शकतं, एवढं सांगून ठेवलं.

तिने पर्समधून बायबल काढलं. इफिसकरांस पत्र, पाचवा अध्याय. 22 व्या वचनाखाली लाल बॉलपेनची रेघ, पानामागे उमटेल इतकी दाबून. "यांनी मारलीय." वरचं 21 वं वचन कोरं. तिथे तर 'एकमेकांच्या' अधीन राहायला सांगितलंय! ग्रीकच्या सर्वांत जुन्या प्रतींत 22 व्या वचनाला स्वतःचं क्रियापदही नाही, ते वरूनच घ्यावं लागतं.

सासूबाईंचं म्हणणं, आपल्यात बायका नवऱ्याच्या मागून चालतात. मला जवळच्याच जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक आठवल्या. त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, म्हणजे ते ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनी घेतला तो 1900 मध्ये, स्वतःला पटल्यावर. टिळकांची गीतं गाणाऱ्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, हे विसरलं जातं, याची गंमत वाटते.

पुढच्या वेळी तोही आला. हेल्मेट मांडीवर, चेहरा घट्ट. मी म्हटलं, तिचं वचन तिला वाचू द्या, तुम्ही तुमचं वाचा. 25 पासून. ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिलं, तिथे तो अडखळला. मग म्हणाला, "पण ताई, घरात शेवटचा शब्द एकाचाच लागतो ना?"

"असेल. पण जिच्या पगारातून हप्ता जातो तिला आकडा तरी माहीत आहे का?"

"अडीच लाख," तो पुटपुटला.

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "मला वाटलं पन्नास हजार."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही मध्ये पडले नाही.

तो मंडळीच्या कमिटीवर, घरोघरच्या प्रार्थना चालवणारा. म्हणून पेत्राच्या पहिल्या पत्रातलं 3:7 दाखवलं: पत्नीला मान द्या, नाहीतर तुमच्याच प्रार्थनांना अडथळा येईल. कायद्यापेक्षा हे त्याला लागलं. ठरलं ते साधंच. कार्ड तिच्याकडे, आणि पहिल्या रविवारी उपासनेनंतर दोघांनी पासबुक घेऊन बसायचं. पहिलाच रविवार त्याने टाळला. दुसऱ्या महिन्यात बसला. कर्ज अजून फिटायचंय, तिचा राग त्याहून जास्त शिल्लक आहे.

तिसऱ्या भेटीनंतर निघताना त्याने सवयीने खिशात हात घातला. "ताई, फी किती?" मी सांगितली. पाकीट अर्धवट उघडून तो थांबला आणि तिच्याकडे पाहिलं. तिने शांतपणे पर्सची चेन ओढली.