कापसाचा पैसा घरात येईल तेव्हा

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सलाम. यंदापासून वावराचा आणि घरचा हिशेब तू पाहणार आहेस, म्हणून विश्वासणाऱ्याने पैशाशी कसं वागावं असं तू विचारलंस. मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, या प्रश्नाचं उत्तर बहुधा दशमांशापासून, म्हणजे देवाला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागापासून सुरू होतं. मी मजुरीपासून सुरू करतो. कापूस विकल्यावर पैसा घरातून कोणत्या क्रमाने बाहेर जातो याला शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, फार महत्त्व आहे, आणि त्या क्रमात मजुराचा नंबर पहिला लागतो.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात 24:15 सांगतं की गरिबाची मजुरी सूर्य मावळायच्या आत दे, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. याकोब 5:4 मध्ये तर अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते. आपल्याकडे वेचणीचा भाव किलोवर ठरतो आणि बऱ्याच गावांत पैसे बाजाराच्या दिवशी चुकते होतात. बायांना ते मान्य असेल तर ठीक आहे. पण ‘कापूस विकला की देतो’ असं कधीही म्हणू नकोस. भाव चढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवायचा निर्णय तुझा, मग त्याची झळ वेचणारीने का सोसावी? सोयाबीन आधी निघतं. त्याच्या पैशातून पहिल्या दोन आठवड्यांची मजुरी वेगळी काढ आणि मगच वेचणी लाव.

मजुरी वेळेवर देऊनही काट्यावर अन्याय होतो. संध्याकाळी धुऱ्यावर गाठोडी मोजताना आकडा वेचणारीला दिसेल असा काटा धर. फडक्याचं वजन म्हणून सरसकट किलोभर कापायची सवय अनेकांना असते. रिकामं फडकं एकदा मोज आणि तेवढंच वजा कर. समज, दिवसातून दोनदा मोजमाप झालं आणि दर वेळी एक किलो जास्तीचा कापला गेला. 10 रुपये किलोने हे बाईमागे रोजचे 20 रुपये होतात. दहा बाया आणि पंधरा दिवस धरले तर 3,000 रुपये. वहीत ही रक्कम कुठेच दिसणार नाही, पण थैलीत हलकं-भारी अशी दोन वजनं ठेवू नकोस असं अनुवाद 25:13 म्हणतं ते नेमकं याच पैशाबद्दल.

विकतानाही तोच नियम. वजन वाढावं म्हणून कापसावर पाणी मारणारे लोक तुला भेटतील. सरकारी खरेदीत ओलावा 8 टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव मिळतो, त्यापुढे कपात होते आणि 12 टक्क्यांच्या वर माल परत येतो. शिवाय ओला कापूस गंजीत तापतो, पिवळा पडतो. इथे शास्त्र आणि कापसाची प्रत तपासणारा ग्रेडर एकच सांगतात.

आणि हंगाम संपल्यावर वावरात सरवा, म्हणजे मागे राहिलेला कापूस, वेचायला म्हाताऱ्या बाया येतील, त्यांना हाकलू नकोस. लेवीय 19:9 प्रमाणे तो भाग तुझा नाहीच.

आता देणं, म्हणजे कर्ज. घेतलेलं न फेडणाऱ्याला स्तोत्र 37:21 दुष्ट म्हणतं, म्हणून कर्जमाफीच्या आशेवर हप्ता थकवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस. त्यात व्यवहारही नाही. 3 लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर व्याज शून्यावर येतं, आणि थकलं की ती सवलत जाते आणि पुढचं कर्जही अडतं. फसगत होते ती नवं-जुनं करताना, म्हणजे जुनं पीककर्ज भरून नवं काढताना. हातात पैसा नसतो, म्हणून सावकाराकडून आठ दिवसांसाठी उचल करायची, बँकेत भरायची आणि नवं कर्ज मिळालं की परत द्यायची, असा बेत असतो. बँकेत कागद अडकतो आणि आठ दिवसांचे तीन महिने होतात. शेकडा तीन रुपये महिन्याने 50,000 वर वर्षाला 18,000 व्याज चढतं. कापूस विकला त्याच आठवड्यात बँकेचे पैसे भरलेस तर ही वेळच येणार नाही.

सावकाराकडे वावर अडकलेल्या घरांसाठी बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा 5वा अध्याय वाच. दुष्काळात धान्यासाठी लोकांनी शेतं आणि द्राक्षमळे गहाण टाकले होते. नहेम्याने धनकोंना सगळ्यांसमोर उभं केलं, शेतं आणि घेतलेलं व्याज परत करायला लावलं. त्याने नुसती प्रार्थना केली नाही. आपल्याकडेही 2014 चा सावकारी नियमन कायदा आहे. बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळावी म्हणून पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहाराबद्दल जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. असा अर्ज लिहून द्यायला कोणाला मदत केलीस तर तीही सेवाच समज.

जामीन राहण्याबद्दल नीतिसूत्रे 22:26-27 फार कडक आहे: फेडायला नसलं तर अंगाखालचं अंथरूणही जाईल. मंडळीतला भाऊ सही मागेल तेव्हा नाही म्हणणं जड जातं. जेवढी रक्कम तू त्याला उद्या परत न घेण्याच्या बोलीने देऊ शकतोस, तेवढ्यापुरतीच सही कर.

एवढं झाल्यावर दशमांश. शेतकऱ्याने तो कशावर काढायचा यावर मंडळीत मतभेद आहेत. माझं मत स्पष्ट आहे: खर्च वजा जाता उरलेल्यावर. समज, पाच एकरांत 30 क्विंटल कापूस झाला आणि 7,000 ने गेला, तर 2,10,000 आले. वेचणीचे 30,000, वावरात लागलेलं पीककर्ज 1,00,000 आणि कृषी केंद्राची उधारी 25,000 वजा केली की 55,000 उरतात. दशमांश 5,500. मात्र कर्जातला काही पैसा घरखर्चाला किंवा लग्नाला गेला असेल, तर तो वावराचा खर्च म्हणून दाखवू नकोस. देवाच्या हिशेबात अशी वजावट नाही. पुढच्या पेरणीसाठी 25,000 बाजूला ठेवलेस तर घराला 24,500 राहतात, म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या आसपास. तेवढ्यात घर भागणार नाही. तुरीचा पैसा याच कामी येतो, म्हणून तूर निघायच्या आधी मोटारसायकलचा हप्ता बांधून घेऊ नकोस.

उधार काढून अर्पण देऊ नकोस. 2 करिंथकर 8:12 प्रमाणे दान आहे त्या मानाने मान्य होतं, नाही त्या मानाने नव्हे. ‘हजार पेरा, दहा हजार कापा’ असं सांगत क्यूआर कोड दाखवणारे उपदेशक मोबाइलवर रोज दिसतील. विधवांची घरं गिळणाऱ्यांवर प्रभू येशू किती संतापला ते मार्क 12:40 मध्ये आहे, आणि लगेच पुढे जवळची सगळी दोन नाणी दान करणाऱ्या विधवेची गोष्ट येते. या दोन्ही गोष्टी नेहमी एकत्र वाच. मंडळीच्या कापणीच्या सणाला अर्पणातल्या वस्तूंच्या लिलावात भोपळ्यावर भावनेच्या भरात बोली लावशील, तर पैसे त्याच रविवारी भर. बोललेलं मागे ठेवण्यापेक्षा न बोललेलं बरं, असं उपदेशक 5:5 सांगतं.

दशमांश सगळा मंडळीच्या दानथैलीतच टाकावा असंही नाही. अनुवाद 14:28-29 मध्ये तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावच्या वेशीत ठेवून लेवी (देवाच्या सेवेतले लोक), परका, अनाथ आणि विधवा यांना पोटभर खायला द्यायची आज्ञा आहे. आपल्या भागात कर्जापायी नवरा गेलेल्या बाया गावोगाव आहेत, आणि त्या मंडळीतल्याच असतील असं नाही. पाळकांशी आधी बोल. मग 5,500 मधले दीड-दोन हजार अशा एखाद्या घरी जूनमध्ये दे. तेव्हा वह्या-पुस्तकं आणि बियाणं एकदमच घ्यावं लागतं, आणि सावकाराच्या दारी पाऊल पडतं ते त्याच महिन्यात.

कळावे,
तुझा हितचिंतक