उजेड कुठून येतो ते आधी ठरव

प्रिय मित्रा,

तुझी कथा दोनदा वाचली, पत्र चारदा. कथेपेक्षा पत्रानं जास्त अस्वस्थ केलं. ‘नियम पाळत बसलो तर गोष्ट गुदमरते आणि सोडले तर ती विज्ञानकथा राहत नाही, मग लिहू तरी कसं?’ असं विचारतोस. तुला लिहिता येतं की नाही यावर मी शब्द खर्च करणार नाही. येतं, म्हणूनच हे पत्र.

तुझ्या कथेत प्रॉक्सिमा या सूर्याच्या सगळ्यात जवळच्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावर एक बाई दार उघडते आणि तू लिहितोस, ‘बाहेर रक्तासारखी लाल पहाट फुटत होती.’ वाक्य कानाला गोड आहे. तरी माझी पेन्सिल तिथेच थांबली. दोन पानं आधी तूच सांगितलं आहेस की हा ग्रह ताऱ्याला कायम एकच बाजू दाखवतो, जसा चंद्र आपल्याला. मग पहाट कुठली? तिथे सूर्य उगवत नाही की मावळत नाही. ज्या गावात तो क्षितिजाला टेकला आहे, तिथे तो गाव वसण्याआधीपासून टेकलेलाच आहे. पहाट, तिन्हीसांजा, ‘उजाडलं की बघू’ हे शब्द त्या बाईच्या तोंडी आले कुठून? ती घड्याळाच्या भोंग्यावर उठत असणार. तिच्या दारातल्या दगडाची सावली तिच्या आजीनं जिथे पाहिली तिथेच आजही पडलेली असणार, आणि तेवढ्या सावलीपुरतं दहिवर वर्षानुवर्षं न वितळता साठलेलं असणार. एवढं दहिवर जरी तू दाखवलं असतंस, तरी तो ग्रह मला दिसला असता.

उजेड कुठून येतो ते आधी ठरव. पात्रांची नावं, यानाचं इंजिन, वसाहतीचा इतिहास, सगळं त्यानंतर.

आता ‘रक्तासारखी लाल’. प्रॉक्सिमा हा लाल खुजा तारा, म्हणजे सूर्याहून बराच लहान आणि कमी तापलेला. लाल खुजा म्हटलं की सगळे लाल रंगाचा डबा उघडतात. प्रॉक्सिमाच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ३००० केल्व्हिन आहे. जुन्या पिवळ्या बल्बची तार तापते ती २७०० केल्व्हिनच्या आसपास. म्हणजे तुझ्या ग्रहावरचा उजेड त्या बल्बच्या उजेडाच्या जवळचा! एखादा तसा बल्ब मिळव आणि संध्याकाळी खोलीत लावून पांढरा कागद घेऊन बस. थोड्या वेळात डोळे सरावतात आणि कागद पांढराच दिसू लागतो. मग बाहेर जा आणि अंधारून येत असताना त्याच खिडकीकडे बघ, ती नारिंगी दिसेल. तुझी बाई त्या उजेडातच जन्मली आहे. तिला तो लाल दिसणार नाही. नारिंगी दिसेल तो पृथ्वीवरून नुकत्याच उतरलेल्या माणसाला, आणि तोही डोळे सरावेपर्यंतच. हा फरक तुझ्या हातात असताना तू तो वाया घालवलास याचा मला राग आला.

तुला लालीच हवी असेल तर ती हवेतून आण. सूर्य क्षितिजावर असला की प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो आणि त्यातला निळा भाग वाटेत विखुरतो. मंगळावर उलटं होतं. तिथल्या बारीक धुळीमुळे मावळतीला सूर्याभोवती निळी झाक पसरते, २००५ मध्ये स्पिरिट गाडीनं ती टिपली आहे. म्हणजे तुझ्या ग्रहाच्या हवेत काय आहे तेही ठरवावं लागेल. कंटाळा करू नकोस. याच कामातून गोष्ट निघते.

निघते म्हणजे कशी ते दाखवते. तुझ्या गावात उजेड कधीच बदलत नाही, पण हा तारा शांत नाही. मार्च २०१६ मध्ये त्याचा एक उद्रेक दुर्बिणींनी पकडला, तेव्हा तो थोडा वेळ नेहमीच्या जवळपास ६८ पट तेजस्वी झाला होता. आता तीच बाई दारात उभी कर. पिढ्यानपिढ्या जो उजेड हलला नाही, तो तिच्या अंगणात एकाएकी पांढराफटक होतो. दगडाच्या सावलीची कड धारदार होते. दहिवर चमकतं. आणि आत किती वेळात पोहोचायचं हे तिला लहानपणापासून पाठ आहे. गुदमरली का गोष्ट?

मी एवढ्या तावातावानं बोलते त्याला कारण आहे. पंचविशीत मी एक कथा लिहिली होती. चंद्रावरच्या तळावर एकटा उरलेला माणूस रोज पृथ्वी उगवताना बघतो आणि भिंतीवर एक रेघ ओढतो. २४ डिसेंबर १९६८ ला अपोलो ८ मधून घेतलेलं उगवत्या पृथ्वीचं छायाचित्र माझ्या डोळ्यांपुढे होतं. ते चंद्राभोवती फिरणाऱ्या यानातून घेतलेलं होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. चंद्राच्या जमिनीवरून पृथ्वी आकाशात जवळपास एकाच जागी टांगलेली दिसते, बदलतात त्या तिच्या कला, सुमारे २९.५ दिवसांत एक फेरा. कथा छापून आली. एका शाळकरी मुलीचं पोस्टकार्ड आलं, ‘पृथ्वी उगवतच नाही, मग त्या काकांनी रेघा कशावरून ओढल्या?’ मी तिला कल्पनास्वातंत्र्यावर दोन पानी उत्तर पाठवलं. तिचं पुन्हा पत्र आलं नाही.

ते उत्तर मला अजून टोचतं. चूक झाली होती तेवढ्यासाठी नाही. त्या मुलीनं माझ्या हातात माझ्यापेक्षा चांगली कथा ठेवली होती म्हणून टोचतं. एकट्या माणसाच्या डोक्यावर आपलं घर टांगलेलं आहे, हलत नाही, पण हळूहळू झिजतं, काळोखात बुडतं आणि पुन्हा भरत येतं. रेघेची गरजच काय होती? मी उजेड कुठून येतो ते विचारलं असतं, तर ती कथा माझी झाली असती.

त्यानंतर मी कमी लिहिलं. मी नियमांत अडकले असं जवळची माणसंही म्हणाली. मी अडकले नाही. मला दिसल्याशिवाय लिहायचं नव्हतं, इतकंच. १९७९ मध्ये ज्याँ-पिएर ल्युमिने या फ्रेंच शास्त्रज्ञानं कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या तप्त वायूची तबकडी कशी दिसेल याचे आकडे संगणकाकडून काढले आणि चित्र शाईच्या ठिपक्यांनी हातानं उमटवलं. तबकडीचा मागचा भाग कृष्णविवराआड लपायला हवा, पण प्रकाश वाकून येतो म्हणून तो वर कमानीसारखा उठलेला दिसतो. एक बाजू झगझगीत, दुसरी मंद. नुसती कल्पना लढवून हे सुचलं असतं का कुणाला? एकेक किरण कुठून येतो हे विचारत बसलेल्या माणसाला ते मिळालं. १० एप्रिल २०१९ ला खऱ्या कृष्णविवराची प्रतिमा जगापुढे आली, तेव्हा तिच्यातलं कडंही एका बाजूला जास्त उजळ होतं.

तुझा दुसरा प्रश्न: ‘माझ्या जगात प्रकाशाचा वेगच कमी ठेवला तर?’ ठेव की! मोडायचा तर एकच नियम मोड, पण त्याचे परिणाम कुठवर जातात ते बघ. विशिष्ट पदार्थातून जाणारा प्रकाश मंद करता येतो. १९९९ मध्ये लेने हाऊ यांच्या गटानं अतिथंड सोडियमच्या ढगात तो सेकंदाला १७ मीटरवर आणला होता. सगळ्या विश्वातच वेग निम्मा केलास, तर मात्र तेवढ्याच वस्तुमानातून चौथा हिस्सा ऊर्जा निघेल (ती प्रकाशाच्या वेगाच्या वर्गावर ठरते) आणि तुझा तारा मुळातच तसा उरणार नाही. म्हणून ढग बरा. असा ढग भरलेली एक खोली लिहून बघ.

आणखी एक. वसाहतीचा प्रमुख पृथ्वीशी तावातावानं वाद घालतो, तो प्रसंग काढून टाक. अंतर ४.२४ प्रकाशवर्षं आहे, म्हणजे प्रकाशाच्या वेगानं गेलेल्या निरोपालाही एका बाजूनं सव्वाचार वर्षं लागतात. त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर साडेआठ वर्षांनी येणार, तोवर त्याचा राग कुठला टिकायला! त्यापेक्षा जुन्या रागाला आलेलं उत्तर लिही.

पुढचा खर्डा पाठवण्याआधी गावाचा नकाशा काढ. सूर्य जिथे टांगला आहे तिथे पेन्सिलीनं टिंब दे आणि प्रत्येक घराची सावली ओढ. बाईचं दार टिंबाकडे उघडतं की सावलीकडे, ते मला अजून कळलेलं नाही. नकाशाही सोबत पाठव.