पासष्टच्या पुढे अडखळणारी बुलेट

प्रश्न : माझ्याकडे वडिलांच्या वेळची, पॉईंटवर (ठिणगीची वेळ साधणारा जुन्या पद्धतीचा यांत्रिक स्विच) चालणारी 350 सीसी बुलेट आहे. काही वर्षे ती उभीच होती. टाकी धुऊन आणि बॅटरी बदलून गेल्या वर्षी पुन्हा रस्त्यावर आणली. टाकीत गंज होता म्हणून पेट्रोलच्या नळीत कागदी फिल्टरही बसवला. राजारामपुरी ते रंकाळा गाडीची काही तक्रार नाही, स्टार्टिंगही उत्तम आहे. मात्र कागलच्या बाजूला हायवेवर 65च्या वेगाने पाच-सहा किलोमीटर सलग चालवली की ती झटके देऊ लागते आणि थ्रॉटल पिळूनही ओढत नाही. वेग उतरवला की थोड्या अंतरात पुन्हा ठीक होते. टाकी निम्म्याखाली असली की त्रास लवकर सुरू होतो. कार्ब्युरेटर दोनदा साफ झाला. आता मेकॅनिक मेन जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे मुख्य छिद्र) मोठा टाकू म्हणतात. टाकावा का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मेन जेट आहे तोच राहू द्यावा. तो लहान पडत असता तर थ्रॉटल बराच उघडताक्षणी, अगदी पहिल्या किलोमीटरलाच, गाडीने नकार दिला असता. तुमची गाडी आधी व्यवस्थित पळते आणि मग अडखळते, याचा अर्थ फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत, पेट्रोल जितके येते त्याहून अधिक खर्च होत असावे. शहरातल्या चालीत हा तुटवडा जाणवत नाही, आणि हायवेवरही वेग उतरवला की चेंबर पुन्हा भरतो. अशा गाडीला मोठा जेट बसवणे म्हणजे तोच चेंबर आणखी लवकर रिकामा करणे.

टाकीचा तपशील तुम्ही लिहिलात हे फार बरे झाले. बुलेटला पेट्रोलचा पंप नाही. पेट्रोल केवळ उंचीच्या जोरावर खाली येते, आणि घरावरच्या टाकीत पाणी कमी असले की नळाची धार बारीक होते तसेच इथेही होते. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असते तर लक्षण बहुधा उलटे दिसले असते, कारण भरलेल्या टाकीत वर हवा थोडी असते आणि तिथे पेट्रोलला खाली येण्यापासून रोखणारी ओढ लवकर तयार होते. तरीही खात्रीसाठी, झटके सुरू होताच गाडी सर्व्हिस रोडला घेऊन झाकण उघडून पाहावे. आत हवा शिरल्याचा ‘फुस्स’ असा आवाज आला तर छिद्र साफ करून घ्यावे.

माझा मुख्य संशय मात्र त्या फिल्टरवर आहे. बाजारातले कागदी फिल्टर बरेचदा पंप असलेल्या गाड्यांसाठी बनवलेले असतात. उताराने येणाऱ्या पेट्रोलला त्यांचा अडथळा मोठा होतो, त्यात जुन्या टाकीतला बारीक गंज कागदावर बसत राहतो. हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने टाकीतला जुना चिकट थर सुटून खाली येतो आणि जुन्या रबरी नळ्या आतून फुगतात, हेही ध्यानात ठेवावे.

तपासणी सोपी आहे. इंजिन गार असताना, मोकळ्या जागी आणि आगीपासून दूर, कार्ब्युरेटरकडची नळी सोडवून तिचे तोंड मापाच्या बाटलीत धरावे, कॉक उघडावा आणि एक मिनिट मोजावे. 75च्या वेगाने जाताना गाडी लिटरला 30 किलोमीटर देते असे धरले, तर तिला तासाला अडीच लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे 42 मिलिलिटर पेट्रोल लागते. बाटलीत याच्या कित्येक पट पेट्रोल यायला हवे. जेमतेम तेवढेच आले किंवा धार तुटून थेंब पडू लागले, तर दोष सापडलाच म्हणून समजा. टाकी निम्म्याखाली असताना हीच चाचणी एकदा फिल्टरसह आणि एकदा फिल्टरशिवाय करावी. फिल्टर काढूनही धार बारीक राहिली तर कॉक उतरवून त्याची जाळी पाहावी. धार भरपूर असूनही त्रास कायम राहिला तर चेंबरमध्ये येणारे पेट्रोल सोडणारी-अडवणारी फ्लोटची सुई आणि तिची सीट तपासावी. कार्ब्युरेटर ‘साफ’ करताना तिकडे अनेकदा कोणी पाहतच नाही.

हे सारे निर्दोष निघाले तरच इग्निशनकडे, म्हणजे ठिणगीच्या यंत्रणेकडे वळावे. पॉईंटला जोडलेला विजेचा छोटा भाग, कंडेन्सर, तापला की तोही असे झटके देतो, पण तो सुधारायला गाडी बंद ठेवून निववावी लागते. तुमची गाडी चालता चालताच सावरते, म्हणून तो संशय मी मागे ठेवला आहे. तिसऱ्या गिअरमध्ये 50च्या आसपास इंजिनाचे फेरे चौथ्या गिअरमधल्या 65 इतकेच पडतात. रिकाम्या रस्त्यावर, थ्रॉटल हलका ठेवून तेवढ्या फेऱ्यांवर लगेच मिसिंग आले (मधूनच ठिणगी चुकली), तर पेट्रोलचा संबंध कमी आणि पॉईंटचा जास्त. पॉईंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर ठेवावा. तो जास्त असला की पॉईंट मिटलेले राहण्याचा वेळ घटतो, ठिणगीची वीज पुरवणारी कॉईल पुरती भरत नाही आणि नेमक्या वेगातच ठिणगी दुबळी पडते. शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या जाणत्या हाताकडून पॉईंटच्या स्प्रिंगचा ताण आणि वेगानुसार ठिणगीची वेळ पुढे सरकवणाऱ्या ऑटो-अॅडव्हान्सची हालचालही पाहून घ्यावी. जेट बदलण्याचा प्रश्न यानंतरही अडखळणे उरले आणि प्लग पांढराफटक (पेट्रोल कमी पडत असल्याची खूण) निघत असला, तरच उभा राहतो.