सहा अंकांत बँक सापडत नाही, आठ घ्या

कार्डाच्या नंबरातले पहिले सहा अंक शोधले की बँकांच्या यादीत कधीकधी दोन बँका दिसतात, मग सवलत कुठल्या बँकेच्या ग्राहकाला द्यायची, असा तुमचा प्रश्न आहे. तुमची यादी जुन्या हिशोबाची आहे. कार्ड देणाऱ्या बँकेचा क्रमांक, म्हणजे बिन, पूर्वी सहा अंकी असायचा. २०१७ च्या आयएसओ ७८१२ मानकात तो आठ अंकी झाला, आणि व्हिसा-मास्टरकार्डनी एप्रिल २०२२ पासून तो लागू केला.

कारण साधं आहे. सोळा अंकांतला शेवटचा तपासणीचा. बिन सहाचा धरला तर मधे नऊ अंक उरतात, म्हणजे शंभर कोटी क्रमांक. लहान बँकेला एवढे कशाला? आठचा धरला की एक कोटी, तेवढे पुरतात, आणि त्याच पहिल्या सहा अंकांखाली दुसरी बँकही बसू शकते.

नेटवर्क, म्हणजे कार्डाचा व्यवहार पार पाडणारी कंपनी, मात्र बहुतेकदा सुरुवातीलाच कळतं. ४ म्हणजे व्हिसा. ५१ ते ५५ मास्टरकार्ड, शिवाय २२२१ ते २७२०. ही दुसरी मालिका जुन्या कोडमध्ये हमखास राहून जाते. ३४ किंवा ३७ अमेरिकन एक्सप्रेस, आणि तिथे अंक पंधराच, त्यामुळे 'सोळा हवेतच' ही अट काढा. खरी गंमत ६ वर आहे: रुपे ६० आणि ६५ वर चालतं, डिस्कव्हर हे अमेरिकन नेटवर्कही ६०११ आणि ६५ वर. रुपेची ५०८, ८१, ८२ अशीही कार्डं आहेत. म्हणून आधी आठ अंक जुळवा, नाही जुळले तर सहा, आणि नेटवर्कचा अंदाज सगळ्यात शेवटी.

चाचणीच्या पूर्ण कार्ड नंबरांची यादी एक्सेलमध्ये ठेवत असाल तर नंबरचा रकाना मजकूर म्हणूनच ठेवा. एक्सेल आकड्याचे पंधराच अंक जपतं, सोळावा शून्य करतं. चाचणीचा ४१११ ११११ ११११ ११११ हा नंबर घ्या, म्हणजे ४ आणि पुढे पंधरा १. लून पद्धतीत, म्हणजे तपासणीचा अंक जुळतो का ते पाहण्याच्या हिशोबात, पहिल्यापासून एकाआड एक अंक दुप्पट केले की बेरीज ८ + १४ + ८ = ३०, दहाने भाग जातो. शेवटचा १ शून्य झाला की २९, आणि धडधाकट नंबर 'चुकीचा' ठरतो. उलट, लून जुळलं म्हणून कार्ड चालू आहे असंही नाही.

ग्राहकांचे खरे नंबर मात्र कुठेच साठवू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला शेवटचे चार अंक आणि बँकेचं नाव एवढंच ठेवता येतं. साठवलेल्या कार्डाऐवजी टोकन, म्हणजे खऱ्या नंबरच्या जागी वापरायचा बदली क्रमांक, येतं. तेही कार्डासारखंच दिसतं, पण त्याचे सुरुवातीचे अंक वेगळे, नेहमीच्या यादीत ते शोधू नका. बँक कुठली, हे पेमेंट गेटवेच्या, म्हणजे तुमचे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेच्या, उत्तरातून घ्या.

विलीनीकरणाकडेही बघा. देना आणि विजया एप्रिल २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या, तरी जुन्या यादीत देना किंवा विजया हेच नाव सापडेल. सवलतीसाठी फुकटच्या यादीवर विसंबू नका. ज्या बँकेची ऑफर आहे तिच्याकडूनच आठ अंकी बिनची यादी लेखी मागा.