पोलिसांचा फोन आलाय, जाऊ की नको?

प्रश्न : मी एका खासगी व्यापारी पेढीत सहा वर्षांपासून हिशेब विभागात काम करतो. आमच्या रोखपालाने ४ लाख ८० हजार रुपयांचा अपहार केला, अशी तक्रार मालकांनी पोलिसांत दिली आहे. परवा ठाण्यातून फोन आला : "उद्या अकराला या, आधार कार्ड आणि मोबाइल घेऊन या, मिसेसनाही आणा. काही नाही, अर्ध्या तासाचं काम आहे." मी ताप आल्याचं सांगून दोन दिवस मागून घेतले. अडचण अशी, की वादातल्या ११ व्हाउचरांवर 'तपासले' म्हणून माझी सही आहे. महिनाअखेरीला गठ्ठा यायचा आणि मी न वाचता सह्या ठोकायचो. शिवाय त्या रोखपालाने माझ्याकडून हातउसने घेतलेले १५ हजार माझ्या पत्नीच्या खात्यावर परत केले होते. चुलत सासरे म्हणतात, उसनवारीचं नावच काढू नका, ओळख जेमतेम होती म्हणा. धाकट्या भावाने एका अमेरिकन वकिलाचा व्हिडिओ पाठवलाय : पोलिसांपुढे तोंडच उघडायचं नाही. वडील म्हणतात, साहेबांना एकटं भेट आणि काय ते मिटवून टाक. कोणाचं ऐकू? आणि पोलिसांवर विश्वास ठेवावा की नाही?

उत्तर : तिघांपैकी कोणाचंच ऐकू नका. त्यातही चुलत सासऱ्यांचं तर अजिबात नको. (आणि तो ताप खरा होता ना? नसेल तर पुन्हा असं कारण देऊ नका. पुढे का, ते सांगतो.)

आधी एक गोष्ट पक्की करा. पोलीस तुम्हाला साक्षीदार म्हणून बोलावत आहेत की संशयित म्हणून? तुमच्या चार पानी पत्रात हा प्रश्न कुठेच नाही, आणि बाकी सगळं त्यावरच अवलंबून आहे. फोनवरून हे कळत नाही. "काही नाही, अर्ध्या तासाचं काम" हे वाक्य साक्षीदारालाही ऐकवतात आणि ज्याला संध्याकाळी अटक करायची आहे त्यालाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. साक्षीदाराला बोलवायचं तर तिच्या कलम १७९ प्रमाणे तपास अधिकाऱ्याने लेखी आदेश द्यायचा असतो. ज्याच्यावर संशय आहे, पण लगेच अटकेची गरज नाही, त्याला कलम ३५(३) ची नोटीस द्यायची असते. दोन्ही कागदावर. फोन म्हणजे आदेश नव्हे. ३५ ची नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून तुमचं पहिलं काम ठाण्यात जाणं हे नाही. तपास अधिकाऱ्याला साधं, नम्र पत्र द्या : आपला फोन मिळाला, मी सहकार्य करायला तयार आहे, कोणत्या गुन्ह्यात आणि कोणत्या कलमाखाली बोलावलं आहे ते कृपया लेखी कळवावं. ठाण्यात एक प्रत देऊन दुसरीवर पोच घ्या.

पत्र पाहून अधिकारी चिडेल का? थोडा चिडेलही. पण एकेका उपनिरीक्षकाच्या टेबलावर तपासाच्या फायलींचा ढीग असतो, बंदोबस्त वेगळाच. तो फोन करतो ते बहुतेक वेळा सोय म्हणून. डाव टाकण्यासाठी नव्हे. लेखी मागितलं की चांगला अधिकारी लेखी देतो. दुसऱ्या प्रकारचा अधिकारी भेटला, तर तुमच्या हातात पोच आहे.

गुन्हा दाखल झाला आहे का, हेही बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशांनुसार, संवेदनशील प्रकरणं वगळता, एफआयआर संकेतस्थळावर टाकावा लागतो. तिथे शोधा. सापडला नाही तर बहुधा अजून 'अर्ज चौकशी', म्हणजे गुन्हा न नोंदवता नुसत्या तक्रार अर्जावरची चौकशी, चालू असेल. त्यात काय फरक पडतो, ते जबाबावरच्या सहीच्या मुद्द्यावर येतो तेव्हा सांगतो.

आता भावाचा व्हिडिओ. तो वकील त्याच्या देशापुरता बरोबरच बोलत असेल. तिथे १९६६ पासून ताब्यातल्या माणसाची चौकशी करण्याआधी 'तुम्हाला गप्प राहण्याचा अधिकार आहे' असं पोलिसांना सांगावं लागतं. आपल्याकडचं गणित निराळं आहे. आपल्या संहितेच्या कलम १८० नुसार तपासात विचारलेल्या प्रश्नांना खरी उत्तरं देणं बंधनकारक आहे. सरसकट गप्प बसाल तर ती हुशारी ठरत नाही, उलट लोकसेवकाला उत्तर नाकारल्याचा वेगळा गुन्हा अंगावर येऊ शकतो. पण त्याच कलमात एक खिडकी आहे. ज्या उत्तराने तुम्ही स्वतःच गुन्ह्यात अडकण्याचा संभव आहे, ते द्यायचं बंधन नाही. राज्यघटनेचं कलम २०(३) याच्या पाठीशी उभं आहे : आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. ओडिशाच्या माजी मुख्यमंत्री नंदिनी सत्पथी यांच्या १९७८ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण कोर्टातल्या पिंजऱ्यापासून नव्हे, तर पोलिसांच्या चौकशीपासूनच सुरू होतं असं सांगितलं.

म्हणजे बोलायचं, पण काय बोलायचं आणि कुठे थांबायचं हे आधी ठरवून. तुमच्या प्रकरणात ते असं दिसतं.

रोखपालाला ओळखता का? ओळखता, सहा वर्षं एकाच खोलीत बसता. पंधरा हजार आले का? आले, उसने दिले होते ते परत आले. देताना बँकेतून दिले असतील तर तो उतारा, रोखीने दिले असतील तर त्या दिवसांतला एखादा मेसेज, जे असेल ते सोबत ठेवा. बँकेच्या नोंदीत तुमच्या पत्नीचं नाव आधीच आहे. तपास अधिकाऱ्याने ती पाहिली नसती तर "मिसेसनाही आणा" असं तो म्हणालाच नसता. उत्तर त्याच्यापुढे आहे, तुम्ही काय म्हणता तेवढंच त्याला बघायचं आहे. चुलत सासऱ्यांचा सल्ला पाळलात, तर ज्या व्यवहारात काहीच काळंबेरं नव्हतं तो संशयास्पद करून ठेवाल. माझ्या पक्षकारांत एक जण असाच होता. मारामारीच्या वेळी तो रस्त्याच्या पलीकडे नुसता उभा होता. घाबरून म्हणाला, "मी त्या दिवशी गावातच नव्हतो." मोबाइलच्या टॉवरने त्याला गावात दाखवलं आणि साक्षीदाराचा आरोपी झाला. सुटला, पण चार वर्षं तारखा करून. त्याने केलेला गुन्हा कोणता, तर ते एक वाक्य. तापाबद्दल विचारलं ते यासाठी.

सह्यांचं जरा नाजूक आहे. 'ही सही तुमची का?' याला नाही म्हणण्यात अर्थ नाही. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने सहीचा आणि हस्ताक्षराचा नमुना घेता येतो, आणि नमुना देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, हे अकरा न्यायमूर्तींच्या खंडपीठाने १९६१ मध्येच ठरवून टाकलं आहे. पुढचा प्रश्न मात्र वेगळा : 'मग न तपासता 'तपासले' असं का लिहिलंत? त्याने सांगितलं म्हणून? काय मिळालं?' कायद्याने अपहारासाठी अप्रामाणिक हेतू लागतो, हलगर्जीपणा म्हणजे अपहार नव्हे. पण घामाघूम होऊन "तो म्हणाला म्हणून मी केली" असं एकदा तोंडातून गेलं, की हलगर्जीपणाचं संगनमत व्हायला फार शब्द लागत नाहीत. या प्रश्नावर थांबा आणि म्हणा, "यावर मी माझ्या वकिलांशी बोलून लेखी उत्तर देईन." आवाज न चढवता. दुसऱ्यांदा विचारलं तर पुन्हा तेच. आणि ते लेखी उत्तर खरोखर द्या.

जबाबावर सही करायची का? एफआयआर झालेला असेल, तर तपासातल्या जबाबावर सही घ्यायचीच नसते, कलम १८१ तसं स्पष्ट सांगतं. तरी "इथे खाली एक सही करा" असं ऐकू येतंच. "साहेब, १८१ प्रमाणे सही लागत नाही ना?" एवढं विचारा, बहुतेक वेळा कागद मागे घेतला जातो. अर्ज चौकशी असेल तर ही ढाल नाही. तिथल्या लेखी जबाबावर सही घेतात. तो अक्षर न् अक्षर वाचा, न बोललेलं वाक्य दुरुस्त करून घ्या, मगच सही. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही. न वाचता सह्या केल्यात म्हणून तर आज मला पत्र लिहिताय. (राग मानू नका.)

पत्नीबद्दल मला तुमच्याइतकी काळजी वाटत नाही. साक्षीदार म्हणून स्त्रीला ठाण्यात हजर राहायला भाग पाडता येत नाही. कलम १७९ च्या परंतुकाप्रमाणे तिचा जबाब राहत्या घरीच घ्यायचा असतो. हीच सवलत १५ वर्षांखालील मुलाला, ६० वर्षांवरील पुरुषाला, अपंगाला आणि गंभीर आजारी माणसालाही आहे. स्वखुशीने यायचं असेल तर येता येतं. त्यांनी येऊ नये असं माझं मत. पत्रात लिहा : घरी यावं, आम्ही उपलब्ध आहोत.

मोबाइल सोबत नेऊ नका. तपासासाठी वस्तू किंवा कागद हवा असेल तर पोलीस कलम ९४ खाली लेखी मागू शकतात. जप्त केला तर जप्ती पंचनामा व्हायला हवा, आणि नव्या कायद्यात जप्तीचं चित्रीकरणही सक्तीचं आहे. पण घरी ठेवा म्हणजे पुसा असं नाही! रोखपालाबरोबरचा एकही मेसेज डिलीट करू नका. पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्या मेसेजांतच तुमची उसनवारी सिद्ध होणार असेल तर तो शुद्ध वेडेपणाही आहे.

वकील सोबत नेता येईल का? अटक झालेल्याला चौकशीदरम्यान आपल्या वकिलाला भेटण्याचा हक्क कलम ३८ देतं, पूर्ण वेळ बसवण्याचा नाही. साक्षीदारासाठी असा स्पष्ट शब्दांतला हक्क नाही, पण वकील ठाण्यात आला, बाहेरच्या बाकावर बसला, तर कोणी हाकलत नाही. त्या बाकाचा परिणाम आत होतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

३५(३) ची नोटीस आली तर घाबरून पळू नका. नोकराने केलेल्या अपहाराला कमाल शिक्षा सात वर्षं आहे. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत अटक आपोआप होत नाही, ती का हवी याची कारणं नोंदवावी लागतात. अर्नेश कुमार प्रकरणातला २०१४ चा निकाल याच मुद्द्यावर आहे. नोटिशीप्रमाणे हजर राहिलात, तर सहसा अटक होत नाही. गैरहजर राहिलात तर तेच अटकेचं कारण होतं. नोटीस आल्या दिवशी वकिलाकडे जा, अटकपूर्व जामिनाचा अर्ज तयार ठेवावा का ते तो कागद बघून सांगेल. अटक झालीच, तर कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करणं पोलिसांना भाग आहे.

वडिलांचं 'मिटवून टाक'. त्यांच्या पिढीने जे पाहिलं त्यातून ते बोलतात, त्यांना दोष देत नाही. पण २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार केली पाहिजे, तरच सुटका. कोणी मागितलीच तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. आणि साहेबांना एकटं भेटायचं नाही. हे ठाण्यातल्या भिंतीवरच्या घड्याळाइतकं सरळ घ्या : जे काही होईल ते दिवसा, ठाण्यात, नोंद होऊन.

तुम्ही पत्रात शेवटी विचारलं आहे, पोलिसांवर विश्वास ठेवावा की नाही. गंमत अशी, की कायद्यानेच तो पूर्ण ठेवलेला नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही, ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात होती आणि नव्या साक्ष्य अधिनियमात कलम २३ म्हणून तशीच आली आहे. अपवाद एकच : ताब्यातल्या माणसाने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. १९०२-०३ च्या पोलीस आयोगानेही इंग्रज सरकारला सांगितलं होतं, की लोक पोलिसांना भ्रष्ट आणि जुलमी समजतात. म्हणजे खाकी दिसली की पोटात गोळा येणं ही तुमची एकट्याची व्याधी नाही. पण हेही बघा, की मी जे खटले हरताना पाहिले त्यातले कितीतरी, ज्याने डोळ्यांनी पाहिलं तो पुढे आला नाही म्हणून हरले. मालकांचे पैसे कुठे गेले हे तुमच्या खोलीतल्या कोणाला ठाऊक असेल, तर ते ठाण्यात कोणीतरी सांगायलाच लागेल. बहुधा तुम्हीच. भीती असू द्या, फक्त तिला खोटं बोलू देऊ नका.

ठाण्यांत प्रत्येक ठिकाणी सीसीटीव्ही असावा आणि चित्रण साठवून ठेवावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा आदेश आहे. किती वाजता आत गेलात, किती वाजता बाहेर आलात, कोणी काय विचारलं, हे घरी आल्यावर त्याच रात्री वहीत लिहून ठेवा. वर्षाने उलटतपासात ते सोन्याच्या भावाचं होतं.

पत्र आजच टाइप करा, उद्या सकाळी नेऊन द्या. ठाणे अंमलदार प्रतीवर नुसता शिक्का मारून देईल. शिक्क्याखाली तारीख आणि आवक क्रमांक आहे का ते तिथेच उभं राहून बघा, आणि नसेल तर लिहून मागा.