आयटीआय शेजारी, तरी कामगार मिळेना

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत आमचं सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रांवरच्या जॉबवर्कचं युनिट आहे. 20 कामगार आहेत. आयटीआय पास मुलं घेतो, पण त्यांचा हात बसायला सहा महिने जातात आणि हात बसला की ती चाकणला जातात. काय करावं?
— एक उद्योजक

उत्तर : मुलगा पास होऊन नोकरी मागायला येईपर्यंत थांबू नका, शिकाऊ उमेदवार म्हणून आधीच घ्या. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार 30 किंवा जास्त कामगार असतील तर उमेदवार घेणं बंधनकारक आहे. 4 ते 29 असतील तर ऐच्छिक. कंत्राटी धरून एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते 15 टक्के अशी मर्यादा आहे, म्हणजे तुम्हाला 3 जण घेता येतील. अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर युनिटची नोंदणी करा आणि टर्नर किंवा मशिनिस्ट ट्रेडची जागा टाका. करार तिथेच होतो. नॅप्स या केंद्राच्या शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत किमान विद्यावेतनाचा 25 टक्के वाटा, महिन्याला कमाल 1500 रुपये, सरकार थेट मुलाच्या खात्यात भरतं. खातं आधारशी जोडलेलं नसलं की पैसे अडकतात, ते पहिल्याच आठवड्यात तपासा.

खरी गफलत पुढे होते. मुलाला वर्षभर लोडिंग-अनलोडिंगवर उभं केलं जातं. तो बटण दाबायला शिकतो, माप घ्यायला नाही. 25 एच7 चा बोअर, म्हणजे 25 मिमीचं अचूक भोक घ्या : 25.000 ते 25.021 मिमी, एवढीच मुभा (टॉलरन्स). साध्या व्हर्नियरचं लघुत्तम माप 0.02 मिमी, म्हणजे जवळजवळ अख्खी टॉलरन्स! त्यावर बोअर पास करणं म्हणजे अंदाजच. पहिल्याच महिन्यात बोअर गेज मायक्रोमीटरवर सेट करून वापरायला शिकवा. इन्सर्ट (कापणारं पातं) झिजतो तसा बोअर लहान होत जातो, हे त्याला दर दहाव्या नगाचं माप वहीत लिहायला लावूनच कळेल. मग वेअर ऑफसेट (झीज भरून काढायला यंत्रात घालायचा आकडा), तोही सुरुवातीला सेटरच्या, म्हणजे यंत्र जुळवणाऱ्याच्या नजरेखाली; 0.02 च्या जागी 0.2 पडलं की जॉब भंगारात.

तीन महिन्यांच्या रिजेक्शनची यादी काढा आणि आयटीआयच्या निदेशकांना शॉपवर बोलावून ती यादी, बाद जॉबसकट, त्यांच्यापुढे ठेवा. नुसत्या औद्योगिक भेटीतून काही निघत नाही. बाद जॉबवरून वर्गात काय शिकवायचं ते ठरतं.

चाकणचा पगार तुम्हाला देता येणार नाही. पण मोठ्या लाइनवर मुलगा बहुधा एकाच ऑपरेशनला बांधला जातो, तुमच्याकडे तो सेटर होऊ शकतो. ऑपरेटर, सेटर, प्रोग्रॅमर, प्रत्येक पायरी किती महिन्यांनी आणि पगार किती, हे करारासोबत कागदावर लिहून द्या. तोंडी आश्वासनावर मुलं थांबत नाहीत, आणि त्यांचं चुकतही नाही.

प्रश्न : तासगावात कॉलेजची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा बेदाणा उत्पादकांच्या उपयोगी पडेल का?
— एक प्राध्यापक

उत्तर : नक्कीच. सुरुवात तीन मापांनी करा. घडाच्या खांद्याचे मणी टोकाच्या मण्यांपेक्षा गोड असतात, म्हणून खांदा, मध्य आणि टोक तिन्हींचा रस एकत्र करून ब्रिक्स (गोडीचं माप) बघा. 22 च्या खाली असेल तर बेदाण्याचा उतारा घटतो. डिपिंगच्या (वाळवण्याआधी द्राक्षं बुडवायच्या) द्रावणात लिटरला 25 ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि 15 मिली इथाइल ओलिएट असतं. तेच द्रावण पुन्हापुन्हा वापरलं की कमजोर पडतं, तेव्हा त्याचा सामू प्रत्येक खेपेला मोजा. तिसरं माप ओलाव्याचं. 105 अंशांच्या ओव्हनमध्ये साखर जळून आकडा फुगतो. व्हॅक्यूम ओव्हन 70 अंशांवर ठेवा.

अहवालावर 'फक्त उत्पादकाच्या माहितीसाठी' असं छापा. निर्यातीला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचाच अहवाल लागतो.

मोठी अडचण वेळेची आहे. हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल, परीक्षाही तेव्हाच. त्यामुळे हे काम ऑन जॉब ट्रेनिंगच्या क्रेडिटला जोडा आणि बेदाणा शेडवरच्या पाळ्या जानेवारीतच लावून घ्या.