बॅटरीवरची चेन सॉ घ्या, पण ती झाडावर नेऊ नका

प्रश्न : हापूसची जुनी झाडं फार उंच गेलीत, बांडगूळही माजलंय. बॅटरीवरची छोटी चेन सॉ घेतली तर गडी झाडावर चढून दिवसात बरीच झाडं साफ करेल, असं दुकानदार म्हणतो. ‘48 व्होल्ट, 8 इंची’ घ्या, तेलाचा खर्च नाही, असंही सांगतो. घ्यावी का? अनुदान मिळेल का? (देवगड आणि राजापूर तालुक्यांतले बागायतदार)

उत्तर : मशीन घ्या. पण ती हातात देऊन कुणालाही झाडावर चढवू नका. घरच्या माणसाला नाही आणि मजुरीवर आलेल्या गड्याला तर नाहीच.

पेट्रोलच्या मशीनला दोरी ओढावी लागते, ती धडधडते, त्यामुळे माणूस आपोआप सावध राहतो. बॅटरीची मशीन मात्र बोट लागताच फिरते. हलकी असल्याने खेळण्यासारखी वाटते आणि गडी एका हाताने फांदी धरून दुसऱ्या हाताने ती चालवतो. असे चित्र मी किती बागांत पाहिले आणि किती जणांना खाली उतरवले, त्याची मोजदाद नाही. बारच्या (चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीच्या) टोकाचा वरचा भाग दुसऱ्या फांदीला टेकला की मशीन उसळते ती थेट तोंडाकडे, मानेकडे येते. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. दोन्ही हातांनी, अंगठा दांड्याखालून वळवून धरली असेल तरच ती आवरते. त्यात बांडगूळ म्हणजे काड्यांचं जाळं, टोक कुठे टेकतंय ते दिसतही नाही. शिडीवरून चालवणंही तितकंच वाईट.

आता दुकानदाराचं. स्वस्त मशीनवर 48, 88 असे मोठमोठे आकडे छापलेले असतात. बॅटरीत पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतील तर पूर्ण चार्ज झाल्यावर 21 व्होल्ट आणि काम करताना साधारण 18 व्होल्टच मिळतात, वर काहीही छापा. आकड्यावर पैसे घालवू नका. चेन ब्रेक (मशीन उसळताच चेन थांबवणारा) आहे का ते पाहा. ट्रिगर दाबण्याआधी वेगळं बटण दाबावं लागतं का, पुढच्या हातापुढे गार्ड आहे का, दुसरी चेन तालुक्यात मिळते का, हे विचारा. छोट्या मशीनवर लांब बार चढवून देतो म्हणाला तर घेऊ नका. मोटर गुदमरते, माणूस जोर लावतो आणि जोर लावला की मशीन निसटते.

‘बॅटरीची आहे, तेल लागत नाही’ हे साफ चुकीचं. इंजिनाला तेल लागत नाही, चेनला लागतंच. ट्रॅक्टरचं जळकं तेल त्यात ओतू नका, चेन ऑइलच घाला. चेन थंड असताना ताणा. गरम असताना ताणलेली चेन थंड झाल्यावर आकसते आणि बारला आवळते. ताणल्यावर ती हाताने सरकली पाहिजे, पण बारच्या खोबणीतून बाहेर यायला नको. आणि ताणण्याआधी बॅटरी काढा. चेन साफ करायची, अडकलेली काडी काढायची, मशीन दुसऱ्याच्या हातात द्यायची, प्रत्येक वेळी आधी बॅटरी काढा. ‘एक मिनिटाचं तर काम’ म्हणून न काढणाऱ्यांचीच बोटं जातात.

याहून घातक सल्ला म्हणजे चार इंची ग्राइंडरला चेनची डिस्क किंवा लाकडाचं पातं लावणं. ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेरे घेतो, त्याला चेन ब्रेक नसतो आणि ही डिस्क बसवायला गार्ड काढावा लागतो. कुणी दिली तर परत करा. फुकट दिली तरी परत करा.

माझ्या मते हापूसच्या बागेत बांडगुळाला खरं अवजार म्हणजे बाकदार छाटणी करवत. लांब दांड्याला बांधा आणि जमिनीवरून ओढून कापा. वर चढायलाच लागलं तर चढणारा दोराने बांधलेला हवा आणि त्याच्या हातात फक्त करवत हवी. बांडगुळाच्या गाठीखाली फांदीसकट कापा, नुसत्या काड्या छाटल्या तर ते पुन्हा फुटतं. चेन सॉ खाली पडलेल्या फांद्यांचे तुकडे करायला वापरा. तिथे ती दिवसाचं काम तासात करते. पाय रोवलेले, दोन्ही हात मशीनवर, मशीन खांद्याच्या खाली. डोळ्यांवर गॉगल, पायात बूट. लुंगी आणि गळ्यात टॉवेल चालणार नाही. विजेची तार जवळ असेल तर आधी वायरमनकडून लाइन बंद करून घ्या.

जाड फांदी एका कापात पाडू नका, साल खोडापर्यंत सोलून निघते आणि तिथूनच भिरूड (खोड पोखरणारा किडा) शिरतो. खोडापासून फूटभर अंतरावर खालून पाव भाग कापा, मग त्याच्या थोडं पुढे वरून, फांदी पडली की उरलेला खुंट काढा.

वेळ चुकवू नका. पुनरुज्जीवनाची छाटणी (जुनं उंच झाड कापून पुन्हा नवं फुटवायची) पाऊस पूर्ण थांबल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. भर पावसात ओल्या फांदीवर मशीन लावायची नाही. कापलेल्या जागी त्याच दिवशी बोर्डोपेस्ट लावा : मोरचूद 1 किलो आणि चुना 1 किलो, प्रत्येकी 5 लिटर पाण्यात वेगळे भिजवून मग एकत्र करायचे, भांडं प्लॅस्टिकचं. ‘मोरचूद दुप्पट घाला’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. नवी पालवी नीट धरेपर्यंत त्या झाडाला कल्टारही (मोहोरासाठी घालतात ते औषध) नको, कुणी कितीही आग्रह केला तरी.

अनुदान : महाडीबीटीवर कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करा, तुमचं अवजार यादीत आहे का ते सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा, पूर्वसंमतीआधी खरेदी करू नका. आंबा मुळापासून तोडायचा असेल तर 1964 च्या वृक्षतोड कायद्याखाली आधी परवानगी लागते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यू किंवा दोन अवयव गेल्यास 2 लाख, एक अवयव किंवा डोळा गेल्यास 1 लाख, अर्ज 30 दिवसांत.

कापलंच तर हळद, चुना, तंबाखू काही भरू नका. स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरा आणि 108 ला फोन करा. बोट तुटलं असेल तर ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात नको.

दहा-बारा बागायतदार एका बागेत जमणार असाल तर ग्रामपंचायतीमार्फत कळवा. करवत घेऊन येतो, बांडगूळ खालून कसं उतरवायचं ते तिथेच दाखवतो.